कागदाभोवतीचं काम

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"माझा भाचा २७ वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. बोलतो, पण मोजकंच. चित्रं काढतो, आणि ती फक्त जिन्यांची. काळी शाई, बारीक टोकाचं पेन, तासन्‌तास. सोबत दोन चित्रांचे फोटो पाठवते आहे. आमच्याकडच्या एका समूह-प्रदर्शनासाठी त्याची सहा चित्रं निवडली गेली आहेत. आनंद झाला, पण धास्तीही वाटते. मागे एका छोट्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तो कान घट्ट दाबून टेबलाखाली जाऊन बसला होता. तेव्हापासून माझा भाऊ म्हणतो, चित्रं घरातच राहू देत. आता संयोजकांना त्याच्या नावाखाली 'ऑटिझमवर मात करणारा कलाकार' असं लिहायचं आहे आणि उद्घाटनाच्या दिवशी त्याने सगळ्यांसमोर चित्र काढून दाखवावं असंही ते म्हणतात. त्याच्या चित्रकलेच्या बाई म्हणतात, जिने सोडून दुसरं काहीतरी काढायला लावा. आणि शेवटचं, विचारायला संकोच वाटतो. मला स्वतःला नाटकं, गाणं, प्रदर्शनं यांचं वेड आहे. त्यालाही गोडी लागावी म्हणून बरोबर नेते आणि दोघंही थकून, चिडून परत येतो. एकटीने जावंसं वाटतं, मग अपराधी वाटतं. – एक आत्या"

प्रिय आत्या,

संयोजकांपासून सुरुवात करते, कारण त्यांच्या कामाला तारीख आहे. बाकीच्या प्रश्नांना थोडी सवड आहे.

चित्राशेजारी नावाची जी पट्टी लावतात, तिच्यावर ते 'मात करणारा' लिहू देऊ नका. ऑटिझम हा काही ताप नव्हे, की माणूस त्यातून उठला आणि मग चित्रं काढायला लागला. ती मेंदूची घडण आहे, जन्मापासूनची आणि जन्मभराची. तुमच्या भाच्याने जिने काढले ते त्याच मेंदूने. पण त्याहून व्यवहाराचा मुद्दा असा, की अशी पट्टी चित्राचं नुकसान करते. माणूस भिंतीजवळ येतो, आधी पट्टी वाचतो, 'अरे वा, किती कौतुकास्पद' असं मनात म्हणतो आणि पुढच्या चित्राकडे सरकतो. कौतुक देऊन झालं, आता बघायचं काय राहिलं? तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोतला जिना खालून वर जाताना हळूहळू अरुंद होतो, आणि वरच्या टोकाला कठड्याच्या सळया पायऱ्यांपेक्षा जाड झालेल्या आहेत. डोळ्याला आधी काहीच खटकत नाही, मग अचानक पाय घसरल्यासारखं होतं. ही जाणून केलेली गोष्ट आहे. तिच्यासमोर कुणी दोन मिनिटं उभं राहावं, एवढीच त्या पट्टीकडून अपेक्षा. नाव, चित्राचं शीर्षक असेल तर ते, माध्यम, आकार, साल. संपलं.

आता ऑटिझमचा उल्लेख अजिबातच नको का? ते मी ठरवू शकत नाही आणि, रागावू नका, तुम्हीही नाही. काही स्वमग्न कलाकारांना तो उल्लेख ठळक हवा असतो. आपल्या नजरेचा तो भाग आहे असं ते सांगतात आणि लपवाछपवीचा त्यांना वीट आलेला असतो. काहींना तो मुळीच नको असतो. तुमचा भाचा कुठल्या बाजूचा आहे हे त्याला विचारायला हवं, पण 'तुला काय वाटतं?' असं मोघम विचारू नका. दोन पट्ट्या खरोखरीच लिहून काढा, एक उल्लेख असलेली, एक नसलेली. चित्राच्या दोन बाजूंना ठेवा. दोन-तीन दिवस तशाच राहू देत. त्याने एक फाडली, उलटी करून ठेवली किंवा खोडून तिसरंच लिहिलं, तर तेच उत्तर समजा. मोजकं बोलणाऱ्या माणसाचं मत नसतं असं थोडंच आहे? ते मांडायला त्याला तोंडी प्रश्नापेक्षा वेगळी जागा आणि जास्त वेळ लागतो, इतकंच.

सगळ्यांसमोर चित्र काढून दाखवण्याबद्दल तर मला संयोजकांचीच थोडी कीव येते. त्यांच्या डोक्यात बहुधा स्टीफन विल्टशायर असावेत. लंडनचे हे चित्रकार १९७४ साली जन्मले. २००५ साली टोकियोवरून हेलिकॉप्टरची एक फेरी मारून आल्यावर त्यांनी ते अवाढव्य शहर १० मीटर लांबीच्या कॅनव्हासवर आठवणीतून उतरवलं. जगभर बातम्या झाल्या, आणि तेव्हापासून स्वमग्न चित्रकार म्हटलं की लोकांना असाच काहीतरी चमत्कार हवा असतो. विल्टशायर थोर आहेतच. लोकांसमोर काम करणं त्यांना मानवतं, तो त्यांच्या कामाचाच भाग झाला आहे. पण अशी स्मरणशक्ती स्वमग्न माणसांपैकी थोड्याच जणांकडे असते आणि चांगला चित्रकार व्हायला ती लागतच नाही. त्या प्रदर्शनातल्या बाकीच्या चित्रकारांना संयोजकांनी 'जरा काढून दाखवा' म्हटलं आहे का, एवढं विचारून बघा. उत्तर नाही असंच येईल.

उद्घाटनाकडे वळते. टेबलाखाली जाऊन बसणं तुमच्या भावाच्या मनाला लागलेलं दिसतं. मला मात्र त्यात शहाणपणा दिसला. खोलीत सगळ्यात कमी आवाज आणि सगळ्यात कमी उजेड असलेली जागा त्याने शोधली आणि तिथे गेला. भरलेल्या दालनात काय काय चाललेलं असतं ते आठवा. चाळीस लोक एकदम बोलतात, आवाज उघड्या भिंतींवरून उलटून येतो, माइक मधेच किंचाळतो, अत्तरांचे वास एकमेकांत मिसळतात, दिवे थेट डोळ्यांवर, आणि ओळख नसलेली माणसं खांद्यावर थाप मारतात. तुमचा-माझा मेंदू यातलं बरंच परस्पर गाळून टाकतो. त्याचा गाळत नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमवरचा त्यांचा गाजलेला निबंध लिहिला, त्यातच त्यांनी मुलांना मोठ्या आवाजांचा आणि यंत्रांचा किती त्रास होतो हे नोंदवलं होतं. तरीही अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत संवेदनांची ही कमीजास्त तीव्रता ऑटिझमचा निकष म्हणून यायला २०१३ साल उजाडलं. एवढी वर्षं तज्ज्ञांना लागली, तर तुमच्या भावाला थोडा वेळ देऊ या.

भावाशी बोलताना एक गोष्ट वेगळी काढा. चित्रं बाहेर जाणं आणि मुलगा गर्दीत जाणं या दोन गोष्टी त्याने एकीत बांधल्या आहेत. त्या सुटू शकतात. उद्घाटनाला चित्रकार हजर असलाच पाहिजे असा कुठला कायदा नाही. अनेक मोठे चित्रकार कंटाळा येतो म्हणून स्वतःच्या उद्घाटनांना गेलेलेच नाहीत आणि त्यांना कुणी विक्षिप्तपणापलीकडे काही म्हटलं नाही. तुमच्या भाच्यासाठी सगळ्यात मोलाची वेळ वेगळीच आहे. चित्रं टांगून झाल्यावर, उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दालन रिकामं असताना त्याला तिथे न्या. स्वतःची सहा चित्रं अनोळखी भिंतीवर, योग्य उजेडात, एका ओळीत बघणं हा कुठल्याही चित्रकाराच्या आयुष्यातला मोठा क्षण असतो आणि तो भाषणांच्या गलक्यात त्याला मिळणारच नाही. तो कदाचित चित्रांकडे बघणारही नाही, फ्रेमच्या मागचा हूक तपासत बसेल. बसू देत. एखादं चित्र दोन मिलिमीटर तिरकं आहे हे त्यालाच दिसेल, आणि ते सरळ करून घ्यायचा त्याला हक्क आहे.

उद्घाटनालाही यायचं असं त्याने ठरवलं, तर दरवाजे उघडायच्या आधी अर्धा तास पोहोचा, म्हणजे गर्दी हळूहळू वाढते, अंगावर कोसळत नाही. जायच्या आधी त्या जागेचे फोटो दाखवा: दार कुठलं, स्वच्छतागृह कुठे, बसायला काय आहे, आवाज वाढला तर जायची खोली कुठली. हो, खोली. संयोजकांकडे ती मागा. सामानाची खोली चालेल, फक्त रिकामी आणि बंद करता येणारी हवी. कानावर आवाज अडवणारे हेडफोन असतील तर ते काढायचा आग्रह कुणी धरू नये, फोटोसाठीसुद्धा. निघायची खूण दोघांत आधीच ठरवा आणि ती दिसली की वाक्य अर्धवट सोडून उठा. 'फक्त पाच मिनिटं, अध्यक्ष येतायत' हे एकदा झालं, की पुढच्या वेळी त्या खुणेवर त्याचा विश्वास उरणार नाही.

आणि कान झाकून तो कोपऱ्यात बसलाच, तर कुणालाही काही समजावून सांगत बसू नका. त्याच्याशीही बोलू नका, निदान लगेच नाही. जास्तीचा आवाज हेच तर कारण आहे, त्यात समजुतीच्या आवाजाची भर कशाला? दिवा मंद करता आला तर करा, लोकांना दोन पावलं मागे सरकवा, शेजारी गप्प बसा. हा हट्ट नसतो. हट्टाला समोर प्रेक्षक लागतात आणि हवं ते मिळालं की तो थांबतो. यात मिळवायचं काही नसतं, नुसतं सहन होईनासं झालेलं असतं.

डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आहेत. २०१२ साली त्यांनी असं मांडलं की स्वमग्न माणसाला इतरांचं मन कळत नाही ही गोष्ट अर्धीच आहे. इतरांनाही त्याचं मन तितकंच कळत नाही, फक्त त्याला आपण दोष म्हणत नाही. भावाने हे वाचावं असा आग्रह नाही, पण प्रदर्शनाला येणाऱ्या नातेवाइकांना दोन ओळींचा निरोप आधी पाठवायला याचा उपयोग होईल. 'मिठी मारू नका, डोळ्यांत बघून बोलला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, चित्राबद्दल काही विचारायचं असेल तर नेमकं विचारा.' नेमकं म्हणजे 'सुंदर आहे हं' असं नव्हे. 'ही सळई इथे जाड का केलीस?' याला उत्तर मिळायची शक्यता खूप जास्त आहे, आणि उत्तर सुरू झालं की ते लांबही असू शकतं. ऐकायची तयारी ठेवून विचारा म्हणावं.

आता चित्रकलेच्या बाई. त्यांचा हेतू चांगला असणार. तरी मी त्यांच्याशी असहमत आहे, आणि याबाबतीत जरा ठामपणेच. इटलीचे जॉर्जो मोरांदी जवळजवळ आयुष्यभर त्याच बाटल्या, बरण्या आणि डबे टेबलावर मांडून रंगवत राहिले. त्यांना कुणी 'जरा फुलदाणीच्या पलीकडे बघा' म्हणून थेरपीला पाठवलं नाही. क्लोद मोने यांनी १८९० आणि ९१ मध्ये गवताच्या गंज्यांची दोन डझनांच्या आसपास चित्रं काढली. त्याला आपण मालिका म्हणतो आणि वर संग्रहालयात रांग लावतो. तेच स्वमग्न माणसाने केलं की ते लक्षण होतं.

स्वमग्न मनाच्या या एकाग्रतेबद्दल डायना मरे, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी २००५ साली एक सिद्धांत मांडला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की काही मनांचं लक्ष एका वेळी अनेक ठिकाणी पातळ पसरत नाही, थोड्या ठिकाणी खोल जातं. तिथून त्याला मधेच ओढून काढलं की त्रास होतो, आणि तिथेच राहू दिलं तर बाकीच्यांच्या लक्षातही येणार नाहीत असे बारकावे सापडतात. चित्रकारासाठी याहून चांगली देणगी कुठली? त्याच्या जिन्यांत बदल होतो का, हे बघायला हवं. दोन वर्षांपूर्वीचा जिना आणि परवाचा जिना शेजारी ठेवा. रेषेची जाडी, रिकामी सोडलेली जागा, कठडा, कोन यांपैकी काही ना काही हललेलं असेल. ते हलत असेल तर चित्रकार चालतो आहे. विषय त्याला वाटेल तेव्हा बदलेल. अमेरिकेतल्या जेसिका पार्क, जन्म १९५८, आधी विजेचे हीटर आणि उपकरणांची बटणं यांची चित्रं काढायच्या. पुढे त्या इमारतींकडे वळल्या आणि त्यांच्या झळझळीत रंगांतल्या इमारती, वर अचूक तारे असलेलं आकाश, हीच त्यांची ओळख झाली. (त्याच काळात त्या एका कॉलेजच्या टपालखोलीत नोकरीही करत होत्या. कलाकाराने दुसरं काही करू नये हा आग्रह मला कधीच समजलेला नाही.)

बाईंना करण्यासारखं भरपूर आहे. मोठा कागद देऊन बघणं, वेगळ्या टोकाचं पेन नुसतं टेबलावर ठेवून निघून जाणं, जिन्यांचे जुने आराखडे, नकाशे, छापील चित्रं आणून देणं. 'लावा' हा शब्द मात्र त्यांनी मागे घ्यावा.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नेना कालू आहेत. ग्लासगोत १९६६ साली जन्मलेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या, स्वमग्न, फारच मोजकं बोलणाऱ्या या शिल्पकार-चित्रकार. २०२५ च्या डिसेंबरात त्यांना टर्नर पारितोषिक मिळालं. ब्रिटनमधल्या समकालीन कलेचा हा सगळ्यात गाजणारा पुरस्कार १९८४ पासून दिला जातो, आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या कलाकाराला तो पहिल्यांदाच मिळाला. त्या कापड, दोर, चिकटपट्टी, जुन्या व्हिडिओ कॅसेटच्या फिती एकावर एक गुंडाळत जातात, पुन्हा पुन्हा, आणि त्यातून छताला टांगलेले प्रचंड, भडक रंगांचे कोश तयार होतात. कागदावर त्या भोवरे काढतात, तेही जोडीजोडीने. बघा, पुन्हा पुन्हा. तुमच्या बाईंना नक्की सांगा.

पण तुमच्या दृष्टीने त्यांच्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग दुसरा आहे. १९९९ पासून त्या लंडनच्या अ‍ॅक्शनस्पेस या संस्थेच्या स्टुडिओत काम करतात. पारितोषिकापर्यंतची ती पाव शतकाची वाट आहे. एवढ्या वर्षांत तिथल्या साहाय्यकांनी काय केलं असेल? साहित्य मिळवलं, जागा मोठी करून दिली, कुठलं काम बरं चाललं आहे हे बघितलं, त्याच्या नोंदी आणि फोटो ठेवले, गॅलऱ्यांशी बोलले. गुंडाळायचं किती आणि थांबायचं कधी हे मात्र कालूंचं. अमेरिकेत ओकलंडला क्रिएटिव्ह ग्रोथ नावाचं केंद्र १९७४ साली सुरू झालं, त्याचंही तत्त्व हेच आहे. तुम्हाला सूत्र हवं असेल तर एवढंच: कागदाभोवतीचं सगळं काम तुमचं, कागदावरचं सगळं त्याचं. 'इथे जरा रंग घाल, विकलं जाईल' हे वाक्य या रेषेच्या पलीकडचं आहे, ते बोलू नका.

कागदाभोवतीचं काम कंटाळवाणं असतं आणि म्हणूनच ते कुणी करत नाही. त्याचं पेन कुठलं आहे ते लिहून ठेवा आणि डझनभर आणून ठेवा. कंपन्या एखादं पेन गुपचूप बंद करतात, आणि हातातल्या पेनाचा तो एक विशिष्ट घसटा नाहीसा होणं त्याला आपल्या कल्पनेपेक्षा फार जड जाऊ शकतं. प्रत्येक चित्राला क्रमांक, तारीख, माप द्या. घराबाहेर जाण्याआधी उत्तम प्रतीचा स्कॅन करून घ्या, मोबाइलचा फोटो पुरत नाही. कुठलं चित्र कुठे गेलं याची एक वही ठेवा.

आणि विक्रीबद्दल आधी बोला. 'प्रदर्शनात लावायचं' याला तो हो म्हणाला असेल, पण 'ते परत येणार नाही' हे त्याला कुणी सांगितलं आहे का? शब्दशः ऐकणाऱ्या माणसाला यातलं न बोललेलं वाक्य ऐकू येत नाही. मग 'विकलं गेलं' अशी लाल टिकली लागलेल्या चित्राशेजारी उभं राहून तो ते काढून घरी न्यायला लागला, तर चूक कोणाची? सहापैकी कुठली विकायची आणि कुठली 'विक्रीसाठी नाही' हे त्याच्याकडून ठरवून घ्या. दोनच विकायची निघाली तरी चालेल. विकलेल्या चित्राची पूर्ण आकाराची छापील प्रत त्याच्याकडे राहू शकते. बऱ्याच जणांना एवढ्याने पुरतं, काहींना नाही.

पैशांचं चोख हवं. गॅलरी किती टक्के ठेवणार, पैसे कधी देणार, न विकलेली चित्रं कोण परत आणणार, वाटेत खराब झालं तर भरपाई कोण देणार, हे लिहून घ्या. गॅलरीने निम्म्यापर्यंत कमिशन ठेवणं या व्यवसायात चालतं, पण गट भरवतोय म्हणून मोघमपणा चालवून घेऊ नका. चित्र विकलं म्हणून कॉपीराइट विकला जात नाही. बहुतेक देशांत तो लेखी दिल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो, म्हणून 'आम्ही कॅलेंडरवर छापू' म्हणणाऱ्याशी वेगळा करार करा. पैसे त्याच्या नावाच्या खात्यात जावेत आणि जमा झालेला आकडा त्याला दाखवावा. 'त्याला पैशाचं काय कळतं' असं कुणी म्हणालं, तर कळेपर्यंत दाखवत राहा. किंमत दयेची नको, कमीही नको आणि जास्तही नको. त्याच भिंतीवरच्या, त्याच्याएवढा अनुभव असलेल्या चित्रकाराच्या त्याच मापाच्या कामाला जी किंमत आहे, तिच्या आसपास.

आता तुम्ही. प्रश्न शेवटी, संकोचत विचारलात, पण पत्रात सगळ्यात जिवंत ओळी त्याच आहेत.

एकट्या जा. याला परवानगी लागत नाही आणि यात त्याच्यावर अन्याय काहीच नाही. तुम्ही दोघं थकून परत येता याचं कारण मला वाटतं असं आहे, की त्या संध्याकाळी तुम्ही नाटक बघत नसता. त्याचा चेहरा बघत असता. तो आता उठेल का, शेजारचे काय म्हणतील, एवढे पैसे वाया जातील का. त्यालाही ते कळतं, आणि दोघांनाही नाटक मिळत नाही. तुमच्या संध्याकाळी तुमच्या ठेवा, मैत्रिणीबरोबर किंवा एकट्याने, पहिल्या रांगेत बसून. रसिक आत्या ही त्या मुलाला मिळालेली चैन आहे, तिची रसिकता आटवून त्याला काय मिळणार?

एक स्वार्थी कारणही देते. एखाद्या ठिकाणचं कलाविश्व तिकीट काढून येणाऱ्या माणसांवर चालतं. तुम्ही जात राहिलात, कुणाचं छोटं चित्र विकत घेतलंत, प्रयोगानंतर दोन वाक्यं बोललात, की हळूहळू तुम्हाला माणसं कळतात. कुठली गॅलरी वेळेवर पैसे देते, कुठल्या संयोजकाचा आवाज चढतो, कुठल्या चित्रकाराच्या स्टुडिओत शांतता असते. भाच्यासाठी पुढच्या पाच वर्षांत तुम्हाला लागणार आहे ती हीच माहिती, आणि ती घरात बसून मिळत नाही. शिवाय त्याच्या चित्रांना दाद देणारे उद्याचे लोक आज दुसऱ्या कुणाची तरी चित्रं बघत उभे आहेत.

त्याला न्यायचं तेव्हा फक्त त्याच्या मापाने न्या. प्रदर्शन असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी, दार उघडता उघडता. सगळं दालन बघायचं नाही. तो थांबेल तिथे थांबायचं, आणि तो दालनाच्या जिन्यापाशीच थांबला तर तेच आजचं प्रदर्शन. बोलायची सक्ती नाही, 'आवडलं का?' तर नकोच. घरी आल्यावर कागद पुढे ओढला तर त्याला काहीतरी आवडलं होतं असं समजा. नाटक असेल तर कडेची खुर्ची, दाराजवळ. आधी गोष्ट सांगून टाका, शेवटासकट. धक्का बसण्यात आपल्याला मजा येते, त्याला यायलाच हवी असं नाही. कुठे मोठा आवाज आहे, कुठे अंधार होतो हे नाट्यगृहाला फोन करून विचारता येतं, तालमीला बसू देतात का हेही विचारा. छोट्या संस्था पुष्कळदा आनंदाने हो म्हणतात.

खास सैल प्रयोग, ज्यांना रिलॅक्स्ड परफॉर्मन्स म्हणतात, ते जगात बऱ्याच ठिकाणी होऊ लागले आहेत. प्रेक्षागृहात पूर्ण अंधार करत नाहीत, दचकवणारे आवाज आणि लखलखणारे दिवे कमी करतात, उठबस आणि आवाज चालतो, बाहेर एक शांत खोली असते, आणि प्रयोगाआधी चित्रांसह माहिती पाठवतात. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर स्वमग्न प्रेक्षकांसाठी असा प्रयोग पहिल्यांदा २०११ च्या ऑक्टोबरात झाला. नट तेच, गाणी तीच. ब्रॉडवेसारख्या अवाढव्य यंत्रणेला जे जमलं ते दोनशे खुर्च्यांच्या नाट्यगृहाला जमणार नाही असं मला वाटत नाही. तुमच्याकडे होत नसेल तर मागा. पहिल्या मागणीला हसतील, पण चार जणांनी मागितलं की तारीख निघते.

भावाला प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीच्या त्या रिकाम्या दालनात घेऊन जायला विसरू नका. त्याला काही पटवून देऊ नका, नुसतं न्या.

आणि संयोजकांना आज-उद्याच लिहा. पट्टीचा मजकूर, प्रात्यक्षिक नाही, रिकामी खोली, माइकपासून लांबची भिंत, आदल्या दिवशीची भेट, कमिशन आणि पैसे द्यायची तारीख, एवढंच, एका पानात, आभार मानून. फोनवर नको, लेखी पाठवा आणि लेखी उत्तर मागा. चित्रांची मांडणी ठरायच्या आधी ते पोहोचलं तर भिंत बदलून मिळते. नंतर पोहोचलं तर दिलगिरी मिळते.